महानंदाचा सातवा भाग

मित्रांनो, मी एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे. सोलापुरातल्या एका हायस्कुलाच्या काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या पाठीवर शाळेचा नंबर आहे आणि पोटात एक चिठ्ठी डकवली आहे, 'हे पुस्तक घरी देऊ नये.' म्हातारपणी बोलत बसायची खोड लागते, तशी मलाही लागली आहे. पण आधीच सांगून ठेवते, गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर खालच्या फळीवर जा. तिथे चित्रांची पुस्तकं आहेत.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या छापखान्यात मोठाल्या कागदांवर मला छापलं, घड्या घातल्या, सोळा-सोळा पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवले आणि वर तपकिरी कातड्याची बांधणी चढवली. इथल्या गिरणीतला एक साहेब मला बोटीतून घेऊन आला. त्याने मला कधी उघडलं नाही. परत जाताना नको असलेल्या सामानाची एक पेटी त्याने शाळेला देऊन टाकली. तिच्यात टवके उडालेल्या दोन फुलदाण्या होत्या, एक मोडकी छत्री होती आणि मी होते. शाळेने माझ्यावर शिक्का मारला, दप्तरी दाखल केलं आणि कपाटात उभं केलं. माझी पानं अजून कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. दहा वर्षं मी तशी न कापलेली, न वाचलेली उभी राहिले. याहून वाईट पुस्तकाचं काही होत नसेल असं मला तेव्हा वाटायचं. किती भोळी होते मी!

एकोणीसशे अठ्ठावीस साली मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी शिकवायला पंचाक्षरी मास्तर आले. माणूस अक्कलकोटकडचा. घरात कन्नड, पेठेत मराठी, शाळेत इंग्रजी. कोटाच्या कोपराला ठिगळ, पण बोलायला उभे राहिले की ते ठिगळ कुणाला दिसायचं नाही. त्यांच्या वर्गातल्या मुलांना व्याकरण तोंडपाठ होतं. नियम म्हणून दाखवा म्हटलं की घडाघडा म्हणायची. पण एकदा स्टेशनावर एका गोऱ्या गार्डाने वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलाला इंग्रजीत विचारलं, "बाळ, तुझं गाव कुठलं?" आणि पहिल्या नंबराने टोपी काढून हातात धरली आणि घाम पुसला. ते मास्तरांच्या जिव्हारी लागलं.

"नियम सांगून भाषा येत न्हाई," ते हेडमास्तरांना म्हणाले. "गोष्ट लागते. पुढं काय झालं हे कळल्याबिगर चैन पडत न्हाई, तवा माणूस बोलतो. मला एका कादंबरीच्या वीस प्रती द्या."

हेडमास्तरांनी कपाटाकडे बोट केलं. "एक आहे. न्या."

एका कादंबरीवर सगळा वर्ग कसा शिकणार? मास्तरांनी मला घरी नेलं, पानं कापली, दोन दिवसांत वाचून काढली, आणि तिसऱ्या दिवशी धारदार सुरी घेऊन माझे दोरे तोडायला बसले. त्यांच्या बायकोने, कमलम्माने, कपाळावर हात मारला. "अवो, शाळेचं पुस्तक हाय ते! नोकरी घालवताय व्हय?"

"पुस्तक कापत न्हाई गं," मास्तर म्हणाले. "वाटून द्यायलोय. एकाच्या हातात सगळी गोष्ट गेली की तो गप बसतो. तुकडा तुकडा दिला की बोलावंच लागतंय."

दुखलं का मला? खोटं कशाला सांगू, दुखलं. पण दहा वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही त्याला ते दुखणंही बरं वाटतं.

माझे सात भाग झाले. वर्गात अठरा मुलं आणि एक मुलगी. तीन-तीन मुलांना एकेक भाग दिला, असे सहा भाग संपले. राहिला सातवा, म्हणजे माझा शेवट. तो एकट्या महानंदाला मिळाला. ती मुलांत बसून अभ्यास करणार नव्हती, करूही दिला नसता कुणी. तिचं बाक दाराजवळ वेगळं होतं आणि मुलं तिच्याशी अवाक्षर बोलत नसत. मास्तर खूश झाले. म्हणाले, शेवट ठेवायला हीच जागा बरी, इथून तो फुटायचा नाही.

नियम एकच होता. आपला भाग घरी वाचायचा आणि शनिवारी वर्गापुढे उभं राहून इंग्रजीत सांगायचा. वाचून दाखवायचा नाही, सांगायचा. मधल्या सुट्टीत मराठीत गोष्ट फोडली तर त्या गटाची पुढची पाळी गेली. ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, तेही इंग्रजीत.

माझी गोष्ट तशी साधी. समुद्राकाठी एक दीपगृह आहे. एका वादळात त्याचा दिवा विझतो, मासेमारांची नाव खडकावर आपटते आणि सगळं गाव त्या दिव्यावरच्या म्हाताऱ्याला धरतं. तो म्हणतो, मी झोपलो नव्हतो. मग दिवा कुणी विझवला? समुद्र कसा असतो ते वर्गात कुणी पाहिलं नव्हतं. नरसय्या नावाच्या मुलाने विचारलं, सिद्धेश्वराच्या तळ्यापेक्षा मोठा का? मास्तरांनी सांगितलं, गिरणीचा भोंगा जसा कानाला वेळ सांगतो तसा हा दिवा डोळ्यांना वाट सांगतो. झालं, सगळ्यांना पटलं.

मित्रांनो, ते आठ महिने मी एकाच वेळी सात घरांत राहिले. असं भाग्य कुठल्या पुस्तकाला मिळतं? नरसय्याच्या घरी मी मागाशेजारी पडून असायची. घरात सगळे तेलुगूत बोलत आणि नरसय्या धोटा फेकता फेकता माझी वाक्यं म्हणत असे, एका फेकीला एक शब्द. मंगळवेढ्याकडून आलेला धुळा बोर्डिंगात राहायचा. त्याच्या भाकरीवरच्या शेंगाचटणीचं तेल माझ्या एकशे बाराव्या पानावर आहे, अजून गेलेलं नाही. जोतीराम नावाचा एक माळ्याचा मुलगा होता. तो गाईंना चारा टाकताना त्यांनाच विचारायचा, "हू पुट आउट द लॅम्प?" गाईंनी काही सांगितलं नाही.

शनिवारी तर नुसती धमाल. एक जण म्हणे म्हाताऱ्याच्या जावयानेच दिवा विझवला, दुसरा म्हणे सरकारी माणसाने. मोडकं तोडकं, लंगडं इंग्रजी, क्रियापदाचा पत्ता नाही, पण बोलायची घाई एवढी की दोघे-तिघे एकदमच उभे राहत. मास्तर टेबलाला टेकून हसत असत. मी किती सुखात होते ते मला तेव्हा कळलं नाही.

आता महानंदाच्या घरचं सांगते. तिचे वडील सिद्धलिंगप्पा चाटी गल्लीतले कापडवाले. आई गिरिजाबाई. घरात इष्टलिंगाची पूजा, सोवळंओवळं कडक. कातड्याच्या बांधणीसकट मला त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. पण बांधणी मास्तरांकडे राहिली होती आणि नुसत्या कागदाला कुणाची हरकत नव्हती. त्यामुळे मी थेट स्वयंपाकघरात गेले. महानंदा चुलीपाशी बसून मला वाचायची आणि पेन्सिलीने कडेला बारीक अक्षरात लिहायची. 'हितं थांबायचं.' 'हितं सगळ्यांकडं बघायचं.' 'हितं आवाज खाली.' मग पदर खोचून उभी राहायची आणि भाकरी थापणाऱ्या आईला माझा शेवट इंग्रजीत सांगायची. गिरिजाबाईला इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं. पण लेक थांबली की तिचा हात परातीत थांबे आणि ती विचारी, "मुंद एनातव्वा?" पुढं काय झालं गं, म्हणून. एकदा तर भाकरी करपली.

महानंदाला मॅट्रिकला बसायचं होतं. तिला दुसरं काही नको होतं. सिद्धलिंगप्पा काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने तिला सांगितलं होतं, "इन्स्पेक्टर साहेब येणार हाय म्हणं शाळेत. मी बी येतो. त्याच्याम्होरं बोल. साहेबानं बरं म्हणलं तर परीक्षेला बसवतो. न्हाई म्हणलं तर मंगळवेढ्याच्या पावण्यांना हो म्हणणार. लोकांना किती दिवस ताटकळत ठिवू?"

आणि इथेच पंचाक्षरी मास्तर चुकले.

महानंदाची पाळी संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधीच्या शनिवारी होती. ती तयार होऊन आली होती. अठरा मुलं कान टवकारून बसली होती. आठ महिन्यांची भूक होती ती, मित्रांनो! पण मास्तरांच्या मनात मोह शिरला. ते म्हणाले, "आज नको. साहेब येतील त्या दिवशी सांग. शेवट कुणालाच माहीत नसला की पोरं खरीखुरी ऐकतील. साहेबांना दिसू दे ऐकणं म्हणजे काय असतं ते."

मुलांनी आरडाओरडा केला. महानंदाने मला दप्तरात ठेवलं. मला तेव्हाच धस्स झालं होतं, पण पुस्तकाला विचारतो कोण?

साहेब आले. आपल्यातलेच, पण कोट-पगडीतले, आणि मराठी येत असून न बोलणारे. भिंतीशी खुर्च्या मांडल्या होत्या. तिथे शाळेचे देणगीदार आणि पालक बसले होते. सिद्धलिंगप्पा नवा रुमाल बांधून आला होता. हेडमास्तर दाराशी उभे. मास्तरांनी जोतीरामला उभं केलं. त्याने पहिला भाग सांगितला, सुंदर सांगितला. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मग ते म्हणाले, "छान. पुस्तक बघू."

मुलांनी आपापले भाग वर धरले. सात तुकडे, दोरे लोंबणारे, एकावर चटणीचं तेल.

साहेबांनी माझा एक तुकडा चिमटीत धरला आणि आतला शाळेचा शिक्का पाहिला. पुढचं सगळं ते इंग्रजीत बोलले, मी मराठीत सांगते. "हे शाळेच्या दप्तरातलं पुस्तक आहे? हे कुणी फाडलं?" मास्तर समजावू लागले. साहेबांनी ऐकल्यासारखं केलं आणि मुलांकडे वळले. "ठीक. वर्षभर ही कादंबरी तुमच्याकडे आहे. मग सांगा, दिवा कुणी विझवला?"

जोतीराम म्हणाला, माहीत नाही साहेब. नरसय्या म्हणाला, माहीत नाही. धुळा म्हणाला, माहीत नाही. एकामागून एक अठरा जण तेच म्हणाले, आणि काय सांगू, प्रत्येकाने ते वाक्य अगदी शुद्ध इंग्रजीत म्हटलं.

साहेब हसले. "वर्षभर शिकवून शेवट कुणालाच ठाऊक नाही!" त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर पांढरे पडले होते.

"साहेब, शेवट या मुलीकडे आहे," मास्तर घाईने म्हणाले. महानंदा कधीच उभी राहिली होती. तिच्या हातात मी होते. तिचा अंगठा माझ्या कडेवर होता आणि तो ओला झाला होता. तिने पहिलं वाक्य म्हटलं. आवाज स्पष्ट होता. मुलं एकदम पुढे वाकली, मला वरून सगळं दिसत होतं. ती लिहून ठेवलेल्या जागी थांबली आणि सगळ्यांकडे पाहिलं.

साहेब तोवर शेरेबुकात लिहायला लागले होते. त्यांनी मान वर न करता डावा हात उचलला. थांबा, असा. मास्तरांना म्हणाले, मला लेखी खुलासा पाहिजे.

महानंदा उभीच. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी साहेबांकडे पाहिलं, हेडमास्तरांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सिट डाउन, महानंदा."

ती बसली. भिंतीशी एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सिद्धलिंगप्पा उठून गेला होता.

त्याच संध्याकाळी मास्तर चाटी गल्लीत गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं तरी थेट गादीपाशी जाऊन उभे राहिले. "चूक माझी हाय, सावकार. तिची पाळी मी थांबवून ठिवली. तिचं नुकसान करू नका. तिच्याएवढं इंग्रजी वर्गात कुणाला येत न्हाई."

सिद्धलिंगप्पाने कापडाचा गठ्ठा हळूच बाजूला ठेवला. "मास्तर, मला इंग्रजी कळत न्हाई. पण मी बघत हुतो की. माजी पोरगी उभी हुती. साहेबानं वर बघितलं न्हाई. तो तर परका. पण खाली बस कुणी म्हणलं? तुमीच म्हणला न्हवं?"

त्याने कापडाचा गठ्ठा पुन्हा पुढ्यात ओढला. "आठ महिने तुमच्यापाशी शिकली," सिद्धलिंगप्पा म्हणाला, "आन् तुमीच ऐकून घेतलं न्हाई. मग मंगळवेढ्याच्या लोकांना मी काय म्हणून थांबवू?"

माघ संपायच्या आत लग्न झालं. मंगळवेढ्याचा ज्वारीचा व्यापारी, घर भरलेलं, माणसं बरी म्हणतात. मी तिथे गेले नाही, त्यामुळे जास्त मला माहीत नाही. सातवा भाग परत करायला गिरिजाबाई स्वतः शाळेत आली. जन्मात पहिल्यांदा ती शाळेची पायरी चढली होती. मला खणाच्या तुकड्यात गुंडाळून आणलं होतं. तिने मला टेबलावर ठेवलं आणि मास्तरांना म्हणाली, "तिला सांगायला येत हुतं वो, मास्तर. मला इंग्रजी येत न्हाई, तरी कळत हुतं." एवढं बोलून ती डोळे पुसत निघून गेली.

खुलासा लिहून झाला. नोकरी राहिली. हेडमास्तरांनी हुकूम काढला की पुस्तक पूर्ववत करावं. शाळेच्या कारकुनाने रबर घेतलं आणि माझ्या कडेवरची पेन्सिलीची अक्षरं एकूण एक खोडून काढली. चांगलं स्वच्छ काम केलं बिचाऱ्याने. मग बुकबाइंडरने सातही भाग जुळवून शिवले. पण त्याने टाके इतके घट्ट घातले की आता मी पुरती उघडत नाही. उघडलं की कडेची अक्षरं आत दडतात.

पुढच्या शनिवारी मुलांनी विचारलं, "मास्तर, शेवट सांगा की." मास्तर म्हणाले, "व्याकरणाचं पुस्तक काढा." पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी जोतीरामच्या हातावर छडी मारली. त्याआधी त्यांनी कधी छडी उचलली नव्हती. त्यानंतर ते सहा वर्षं शिकवत राहिले. नियम, भाषांतर, नियम. निकाल चांगला लागायचा. एकदा त्यांनी शिपायाकडे या कपाटाची किल्ली मागितली आणि तो आणायला गेला तेवढ्यात 'राहू दे' म्हणून निघून गेले. नंतर ते वारल्याचं शिपायांच्या बोलण्यात ऐकलं.

छत्तीस-सदतीस साल असेल. एक दिवस रेल्वेचा डगला घातलेला माणूस शाळेत आला. जोतीराम! कुर्डुवाडीला कारकून झाला होता. शिपायाला चहा पाजून त्याने कपाट उघडायला लावलं आणि मला बाहेर काढलं. आठ वर्षं! त्याने मधली सगळी पानं सोडली आणि शेवट काढला. कपाटाला टेकून, उभ्याउभ्या वाचला. पंधरा मिनिटं लागली. जिथे रबराखाली पेन्सिलीचा नुसता दाब उरला आहे, तिथून त्याचा अंगठा दोनदा फिरला. त्याला काही कळलं नाही.

"एवढंच व्हय?" तो म्हणाला.

शिपायाने विचारलं, "काय शोधत हुता?"

"दिवा कुणी विझवला त्ये. कुणीच विझवला न्हवता. तेल वेळंवर पोचलं न्हाई, म्हणून गेला." त्याने मला परत फळीवर ठेवलं. "येवढ्यासाठी आठ वर्सं जीव अडकला हुता माजा." आणि तो गाडी गाठायला गेला.

मला त्याचा राग येत नाही. माझा शेवट खरंच तेवढाच आहे. छापलेला आहे तेवढाच. स्वयंपाकघरात तो केवढा मोठा झाला होता, ते मी जोतीरामला कसं सांगू? मला सांगता येत असतं तर मी पुस्तक कशाला झाले असते?

मित्रांनो, आमच्या जातीची जुनी पुस्तकं शेवटी हात जोडतात. कव्हर घाला म्हणतात, पानं दुमडू नका म्हणतात, वाळवीपासून जपा म्हणतात. मला यातलं काही नको. मला खुशाल पुन्हा कापा, वाटून घ्या, माझ्यावर चटणी सांडा. एवढंच करा की तुमच्या वर्गात कुणी सांगायला उभं राहिलं आणि कुणी हात वर करून त्याला थांबवलं, तर एकाने तरी म्हणा, 'साहेब, तिचं होऊ द्या.' त्या दिवशी वर्गात अठरा मुलं होती, मास्तर होते, तिचा बाप होता. प्रत्येकाला ऐकायचं होतं. आठ महिने मी त्या मुलांना बोलायला शिकवत होते, आणि त्या एका मिनिटात एकाचंही तोंड उघडलं नाही.